फळ्यावरचा तांदूळ

शिरवण्याच्या नाक्यावर मंडळाचा एक काळा फळा आहे. गणपतीची वर्गणी, पालखी कधी निघणार, कोणाचं तेरावं कुठे, एवढंच त्यावर यायचं. लिहायचे माझे वडील. ते गेल्यावर खडूचा डबा माझ्या शिवणाच्या दुकानात आला, कारण फळा माझ्या दारासमोरच आहे आणि मंडळातल्या पोरांना एक ओळ सरळ लिहिता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते.

मशीनवर बसलं की समोरचं रेशन दुकानही दिसतं. महिन्यातून एकदा, भर दुपारी, तिथे ट्रक लागायचा आणि हमाल पोती आत टाकायचे. संध्याकाळी कामावरून सुटलेल्या बायका पिशव्या घेऊन आल्या की दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "माल नाय आला." महिना उलटला की, "तुमचा कोटा गेला आता." मधेच एखाद्या दुपारी मागच्या दाराला टेम्पो लागायचा. गावठाणात हे कोणाला माहीत नव्हतं? मलाही माहीत होतं. पण चारचौघांत कोणी बोलत नसे.

आमच्या मागच्या बैठ्या चाळीत सोलापूरकडची एक बाई भाड्याने राहते. तुर्भ्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते, नवरा आजारी असतो. तिने नववीतल्या मुलीचा शाळेचा कुर्ता सैल करायला दिला होता. एका संध्याकाळी तो तसाच परत न्यायला आली.

"ऱ्हाऊ द्या ताई. शाळेतनं काढतीया तिला. किराण्यातला तांदूळ परवडंना. माझ्यासंगं कंपनीत लावते."

"आणि रेशन?"

"मालच येत न्हाई म्हणत्यात."

त्याच दुपारी मी पोती उतरताना पाहिली होती. मला संताप आला, दुकानदाराचा आला आणि माझाही. मी कात्री ठेवली, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: रेशनचा तांदूळ आणि गहू आज दुपारी आला आहे. त्यात कोणाला शिवी नव्हती की कोणावर आरोप नव्हता. आल्याला आला म्हटलं, बस्स.

रिकाम्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका ओळ वाचून वळल्या आणि थेट रेशनच्या काट्यासमोर उभ्या राहिल्या. दुकानदाराला पोतं उघडावं लागलं. त्या दिवशी चाळीतल्या बाईला तिचा तांदूळ मिळाला. पिशवी खांद्यावर घेऊन ती दारात आली आणि म्हणाली, "कुर्ता उसवा, ताई."

सकाळी फळा पुसलेला. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसला. मंडळाचा एकजण येऊन ऐकवून गेला, तुमच्या दुकानाचा गाळा मंडळाचा आहे हे विसरू नका. आई घाबरली. "कोनाशी वैर घेतेस? दुकान बंद करतील तुजं." मी एका स्थानिक पेपरच्या बातमीदाराला गाठलं. तो भला माणूस, त्याच्या बायकोची ब्लाउजं माझ्याकडे असतात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "खरं आहे ताई, पण दुकानदाराच्या पाठीशी जे आहेत त्यांच्याच जाहिरातींवर आमचं पहिलं पान चालतं." म्हटलं, हरकत नाही, बिनजाहिरातीचा पेपर माझ्याकडे आहे. पान एकच आहे आणि तेही काळं.

आमच्या शहरात विकासाच्या बातम्यांना तोटा नाही. मेट्रो आली, विमानतळ आला, ते केवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं. तांदूळ आला हे छापायची मात्र कोणाची छाती होत नव्हती. त्या एका न छापलेल्या ओळीपायी एक मुलगी शाळा सोडून पॅकिंगला जाणार होती. पेपरला मोकळीक असावी की नसावी यावर टीव्हीवर भांडणारी माणसं मी पाहते. त्यांच्या घरी तांदूळ असतो.

पुढचा ट्रक यायच्या आधी अख्खा फळा झाकेल असा फ्लेक्स लागला. भागातल्या पुढाऱ्याचा वाढदिवस, हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग.  ट्रक आला तेव्हा मी स्टूल घेतलं, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स उलटा करून बांधला. फ्लेक्सची मागची बाजू छान पांढरी असते. त्यावर तीच ओळ ऑइलपेंटने लिहिली, म्हणजे ओल्या फडक्याने जायला नको.

संध्याकाळी दोन पोरं बाइकवरून उतरली. "ओ ताई, भाऊंचं तोंड फळ्याकडे का केलं?"

"फळा वाचतायत," मी म्हटलं. "वाचू देत की."

एकाने दोरीला हात घातला. तोवर रेशनच्या दुकानापुढे रांग लागली होती. रांगेतून चाळीतली बाई बाहेर आली. एरवी ती माझ्याशीसुद्धा खाली बघून बोलते. "काढा की," ती म्हणाली, "पण आमचं समद्यांचं वजन झाल्यावर." रांगेतली एकही बाई जागची हलली नाही. पोरं जरा वेळ फोनवर बोलली आणि निघून गेली. 

दोन दिवसांनी फ्लेक्स गेला. फळा पुन्हा कोणी झाकला नाही. गाळ्याचं बोलणं अजून अधूनमधून निघतं. निघू दे.

गेल्या महिन्यात तो दुकानदार पहिल्यांदाच माझ्या दुकानात आला. आवाजात साखर. "ताई, उद्या माल येतोय. आजच लिहून टाका ना, म्हणजे तुमालाही टेन्शन नको."

"उद्या येऊ दे. पोती उतरताना बघेन, मग लिहीन."

"माझ्यावर एवढापण विश्वास नाय?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्या मुलीचा दहावीचा कुर्ता सुईखाली सरकवला.