प्रवक्ते ल्वान यांचा होकार

परातभर पाऱ्या लाटून झाल्या होत्या. डुकराचं मांस आणि कांद्याच्या पातीचं सारण संपत आलं होतं, टोफू-अळंब्यांच्या सारणाला अजून हातही लागला नव्हता. तेवढ्यात थोंग हुईचनला पिठाच्या हातांनी उठून बाहेर यावं लागलं, कारण नवरा गोल टेबलाभोवतीच्या खुर्च्या पुन्हा एकदा फिरवत होता.

"ल्वान, माणसं जेवायला येताहेत. तह करायला नाही."

"दाराकडे तोंड असलेली मानाची जागा व्याह्यांची," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यांच्या उजव्या हाताला विहीणबाई बसतील की मी, एवढंच ठरायचं राहिलंय."

हुईचन परत ओट्याशी गेली. आज पौर्णिमा, म्हणजे तिचा मांस वर्ज्य करण्याचा दिवस. सकाळीच क्वानयिन देवीपुढे उदबत्ती लावून तिने एकच मागणं मागितलं होतं: आज ह्याच्या तोंडून नीट दोन शब्द निघू देत. माणूस तीस वर्षं बोलण्यावर जगला, आणि त्याच्या बायकोला देवीकडे हे मागावं लागावं.

ल्वान चीफंग मूळचा कान्सू प्रांतातल्या एका आडगावचा. बाप रेल्वेत सिग्नलवाला. पोरगा हुशार निघाला, बीजिंगला शिकायला आला, आणि वरून सांगितलं म्हणून स्वाहिली भाषा शिकला. सांगितली असती तर पक्ष्यांचीही शिकला असता. त्या भाषेने त्याला दार-ए-सलामला दुभाषा म्हणून नेलं. हुईचनही ट्रंकेत लोकरी गंजीफ्रॉकात गुंडाळलेली देवी घेऊन मागोमाग गेली. सरकारी माणसाच्या घरी देव चालत नसे, म्हणून दूतावासाच्या खोलीत देवी तांदळाच्या डब्यामागे बसायची. एकदा शेजारच्या सचिवाने वास कसला येतो म्हणून विचारलं, तेव्हा ल्वान शांतपणे म्हणाला, डास फार झालेत. सचिवाच्या बायकोने दुसऱ्या दिवशी तीच डासांची उदबत्ती मागून नेली, आणि पुढे तिच्याही तांदळाच्या डब्यामागून धूर निघू लागला.

नंतर व्हिएन्ना झालं, मुलगी निंगनिंग झाली, बढत्या झाल्या, आणि एक दिवस तो परराष्ट्र मंत्रालयाचा प्रवक्ता झाला. निळ्या पडद्यापुढे उभा राहून जगभरच्या पत्रकारांना उत्तरं द्यायची. ज्या आठवड्यात त्याची पाळी, त्या आठवड्यात घर उजाडायच्या आत जागं व्हायचं. तो लापशी खात बसायचा आणि हुईचन कधी जपानी, कधी अमेरिकन पत्रकार होऊन त्याला आडवेतिडवे प्रश्न टाकायची. तो इतका गुळगुळीत निसटायचा की तिला हसू आवरायचं नाही. पहिल्या दिवशी टीव्ही बघून कान्सूहून सासूबाईंचा फोन आला होता. पोरगा दिसला छान, बोललाही पुष्कळ, पण म्हणाला काय, असं त्यांनी सुनेला विचारलं होतं. हुईचन म्हणाली, काही न म्हणणं हेच त्याचं काम आहे. सासूबाईंना ते पटलं. सिग्नलवाल्याची बायको त्या; गाडी अडवून धरणं हेही काम असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

यंदा तो त्या पडद्यापुढून मोकळा झाला, कचेरीतल्या बैठ्या कामावर आला. सवय मात्र घरी आली. मीठ कमी पडलंय का विचारलं तर म्हणे, संबंधित बाजूंनी याची दखल घ्यावी.

आणि आज निंगनिंगचे होणारे सासू-सासरे शान्शीहून येत होते. मुलगी नोकरी सोडून तिकडे चिंगशूला, होणारा नवरा शिन याओ याच्या घरच्या व्हिनेगरच्या कारखान्यात जायचं म्हणत होती. बापाला तिने महिनाभर विचारलं, बापाने महिनाभर दखल घेतली. आज तरी तो हो म्हणेल, एवढ्यावरच पोरीने सगळी आशा ठेवली होती.

व्याही आले ते जुन्या व्हिनेगरचा मातीचा बुधला काखोटीला मारून, आणि सरळ स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून वास चांगला येतो म्हणाले. ल्वानचा अर्धा दिवस तिथेच वाया गेला. तरी जेवण रंगलं. पाऱ्यांत सारण भरून उकडलेले च्याओझ बशीत पडायचे आणि व्याही त्यावर आपल्या हाताने व्हिनेगर ओतायचे. मग पेला उचलून त्यांनी ल्वानला विचारलं, पोरं वसंतात लग्न करून आमच्याकडे येऊन राहिली तर तुमची काही हरकत?

ल्वानने पेला ठेवला, पाठ ताठ केली. ती पाठ हुईचनला ओळखीची होती.

"जर-तरच्या प्रश्नांवर मी भाष्य करत नाही," तो म्हणाला. "सर्व बाजूंच्या रास्त अपेक्षांचा आम्ही नेहमीच आदर केलेला आहे."

व्याह्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. विहीणबाई भिंतीकडे बघायला लागल्या. निंगनिंग उठून खिडकीशी गेली, आणि शिन याओ तिच्याकडे जावं की आपल्या बापाकडे बघावं या पेचात खुर्चीवरून अर्धवट उठून तसाच राहिला.

हुईचन बशा उचलायचं निमित्त करून आत गेली आणि नवऱ्यालाही बरोबर ओढलं.

"मी काय वाईट बोललो?" तो कुजबुजला. "रास्त म्हटलं. रास्त म्हणजे जवळजवळ होच."

"तुमच्या मंत्रालयात. ते बिचारे व्हिनेगर करतात. त्यांना 'नाही'च ऐकू आलं."

तो हळूच म्हणाला की आजवर त्याचा एकेक शब्द आधी कुणीतरी बघून द्यायचं. हा प्रश्न आला आणि त्याला कळेना की हा कुणाकडे पाठवायचा. एकदा हो म्हटलं की पोरगी गेली. ते परत घेता येत नाही.

हुईचनला त्याची दया आली. उरलेल्यातली एक पारी तिने हातावर घेतली, टोफूचं सारण भरलं आणि पाळीच्या आठवड्यात सकाळी विचारायची तशी विचारू लागली.

"प्रवक्तेसाहेब, शिन घराण्याची वार्ताहर. तुमची मुलगी वसंतात चिंगशूला जाते आहे. जर-तर नाही, जातेच आहे. काय म्हणणं आहे?"

त्याने पुढची पारी उचलून तिच्यापुढे धरली.

"ती गेल्यावर घर ओकंबोकं होईल," तो म्हणाला.

"आणखी?"

"पोरगा चांगला आहे."

"मग हेच बाहेर जाऊन बोल. मसुदा मंजूर आहे."

बाहेर येऊन तो उभाच राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. पत्रकारांपुढे धरायला असायचं ते लाकडी मेज इथे नव्हतं.

"व्याही, निंगनिंग तुमच्याकडे यायची आहे. मला फार आनंद आहे, आणि फार वाईटही वाटतंय. दोन्ही खरं आहे. माझं उत्तर हो आहे."

व्याह्यांनी पेला भरून त्याच्या हातात दिला.

"एवढंच होतं, तर मघाशी कोण बोलत होतं?"

"मंत्रालय," हुईचन दारातून म्हणाली, आणि विहीणबाई पदरात हसावं तशा बाहीत तोंड लपवून हसल्या. निंगनिंग खिडकीपासून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. त्याच्या पेल्यातली दारू तिच्या पाठीवर सांडली, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. व्याही म्हणाले, आणखी एक प्रश्न आहे. ल्वान म्हणाला, विचारा, आज कितीही विचारा. त्यांनी विचारलं, अजून उकडताय की संपले? हुईचनने टोफूचे टाकले. पौर्णिमेचे म्हणून सगळ्यांनी तेच खाल्ले, आणि तिने आत जाऊन देवीला दोन्ही हात जोडले.

चहा घेताना बायकांचं ठरलं की लग्नाच्या दोन लाल रजया वधूकडून व्हायला हव्यात, कापूस नवा आणि भरपूर. हुईचनला ओव्हन साफ करायचा होता, निंगनिंगला कचेरी होती. तेव्हा उद्या सकाळी कापूस पिंजणाऱ्याकडे जाऊन रजयांचं माप द्यायचं काम ल्वानवर आलं.