वाफ न दिलेला नळ

भाईंदर पश्चिमेच्या बेकरीपाशी यीस्टचा वास आला की आमच्या कारखान्यातली टाकी आठवते. माणसाच्या इन्सुलिनचा जीन घातलेलं यीस्ट आम्ही तिच्यात वाढवायचो. टाकीतून नमुना काढण्याआधी तिच्या नळाला वीस मिनिटं वाफ द्यायची, म्हणजे बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या दुपारी डबा खाऊन पत्ते खेळायची घाई होती, म्हणून मी वाफ न देताच नळ उघडला. दुसऱ्या दिवशी टाकीला पावाऐवजी आंबट ताकाचा वास येत होता. सगळा माल फेकावा लागला. साहेबांनी टाकीत घालायचं यीस्टचं विरजण बाटलीत तयार करणाऱ्या उत्तनच्या मुलीला बोलावलं; जंतू तिथूनच आले असा त्यांचा संशय होता. "सर, माझी बाटली स्वच्छ होती, काकांनी तपासलीय. काका, सांगा की!" ती म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नव्हती बघितली," मी पुटपुटलो. तिची नोकरी गेली. जाताना तिनं मला नेहमीसारखं "येते, काका" म्हटलं. आता रोज सकाळी तसंच इन्सुलिन मी पोटावर टोचून घेतो. तिची बाटली स्वच्छ होती. मी ती बघितली होती.