गाडीचे फर्मे

कसालच्या नाक्यावर माझा एक मित्र जीपगाड्या दुरुस्त करायचा. बोलण्याआधी समोरच्या पत्र्यावरून तळहात फिरवायची त्याला सवय होती. मोडीतल्या जीपचं इंजिन घेऊन, फावल्या वेळात पत्रा ठोकून, त्याने एक बुटकी, बिनटपाची, दोघांपुरती गाडी घडवली होती. ती कुडाळच्या रस्त्याला सुसाट निघाली की लोक बैलगाड्या थांबवून बघत राहत.

एकदा मुंबईचा एक व्यापारी तिच्यातून फेरी मारून आला. "इतक्या स्वस्तात रेसची गाडी? गिऱ्हाइकं रांग लावतील! पण अशा आणखी काढशील का?"

त्याने तळहात फिरवला. "पत्रो कापूक फर्मे नाय. ही डोळ्यांच्या अदमासान केलंय."

"मग एकाच गाडीचा धंदा कसा होणार?" म्हणत व्यापारी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर हा छिन्नीने तीच गाडी कापत होता.

"अरे, काय करतस ह्या?" मी ओरडलो.

"फर्मे काढतंय. ही ऱ्हवली तर एकच ऱ्हवतली."

कापलेला एकेक तुकडा फळीवर सपाट करून तो कडेने खडूची रेघ ओढून पुढच्या गाड्यांसाठी नमुना उतरवत होता. मला बघवेना, आणि निघूनही जाता येईना.

शिमग्याच्या आधी तशाच दोन नव्या गाड्या नाक्यावर उभ्या राहिल्या. मला पाहून तो म्हणाला, "त्या व्यापाऱ्याक कळय, तिसरी ठोकूक घेतलंय."