नेस्तोरीच्या बाकावर सायमा

हे काल संध्याकाळी घडलं. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, म्हणून लिहून टाकतो.

सायमा विर्काला ही आमच्या गावची हाडवैद्य. कौस्तिनेनच्या आसपास कुणाची पाठ धरली, मान अवघडली, घोटा मुरगळला, की लोक डॉक्टरकडेही जातात, पण वाटेत सायमाकडे थांबून. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी बाई. हात मात्र लाकूडतोड्याचे.

आमची मैत्री माझ्या मानेमुळे झाली. हेलसिंकीहून साहित्याची पदवी आणली, सोबत वाकडी मानही आणली.

"पुस्तकं आडवा पडून वाचतोस ना?" सायमानं विचारलं आणि माझ्या पायाची बोटं ओढायला घेतली.

"सायमा, दुखतेय ती मान."

"मान कुठे पळून जात नाही. बोटांपासून वर येऊ."

ही तिची पद्धत. आधी सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, अंग शेकायचं, मग लाकडी बाकावर पडायचं. ती पायाच्या बोटांपासून सुरू करते आणि घोटे, गुडघे, कंबर असं करत मानेशी येते. नदीपलीकडचा नेस्तोरी मानेपासून खाली उतरतो. त्यावरून गावाच्या दोन वाटण्या झाल्यात. सोयरीक जमली की लोक चेष्टेनं विचारतात, मुलगी बोटांकडची की मानेकडची?

सायमा आणि नेस्तोरी एकमेकांशी बोलत नाहीत, हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कुणाच्या तरी दफनानंतर कॉफी चालली होती. सायमा म्हणाली, घर बांधताना आधी पाया घालतात, छप्पर नव्हे. नेस्तोरी काहीच बोलला नाही. तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. तेव्हापासून अबोला.

या वसंतात लाकडं रचताना सायमाचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि व्यायाम दिला. तो तिनं इमानानं केला. खांदा तसाच राहिला. एका हातानं कुणाची पाठ मोकळी करता येत नाही. आलेल्या माणसांना ती कॉफी आणि वेलचीचा पाव देऊन परत पाठवू लागली.

"हात गेला, तर मी नुसती कॉफी करणारी बाई," ती म्हणाली. म्हणताना हसली. पण आपल्या बाकावर तिनं जुनी वर्तमानपत्रं रचायला सुरुवात केली होती. ते मला बघवेना.

आधी तिनं मलाच कामाला लावलं. मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो. ती पुढून सूचना देत होती.

"आणखी खाली. जोर लाव. अरे, चोळतोयस की पान उलटतोयस?"

"घाबरतो मी."

"माझी पाठ आहे ती, परीक्षा नाही."

शेवटी मी हात टेकले. म्हणालो, "नेस्तोरीकडे जाऊ या."

तिनं अख्खा पाव संपवला. सावकाश. मग म्हणाली, "गाडी बर्चच्या झाडांमागे लावायची. आणि तू आत थांबायचंस. उद्या कुणी काही बोललं तर साक्षीला माणूस हवा."

पुलावर समोरून सायकलवर हिल्या आली. हिल्याला कळलं म्हणजे चर्चच्या घंटेला कळलं. सायमा झटकन सीटखाली वाकली. हिल्या गेली, पण सायमाला वर येता येईना. पूल ओलांडून गाडी थांबवली आणि तिला ओढून सरळ केलं.

"हसलास तर उतरून जाईन," ती म्हणाली. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

नेस्तोरी दारातच उभा होता. उंच, वाळका. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खांद्याकडे.

"सौना तापलाय," तो म्हणाला. एवढंच.

सौनातून येऊन ती त्याच्या बाकावर पालथी पडली. मी भिंतीशी स्टुलावर बसलो. नेस्तोरीनं बाही सारली, बाकाला वळसा घातला आणि तिच्या पायाचा अंगठा धरला.

सायमानं मान उचलली. "हे काय?"

"अंगठा."

"तू मानेपासून करतोस."

"करायचो. मग तू परत पाठवलेली माणसं यायला लागली. झोपली की सवयीनं पाय पुढे. नाही म्हणायचं तर बोलावं लागतं. बोटं ओढणं सोपं."

तो घोट्यापाशी आला.

"म्हणजे आपलं भांडण..." सायमा म्हणाली.

"कुठलं?"

"दफनाच्या कॉफीचं. मी पाया म्हणाले, छप्पर म्हणाले. तू गप्प बसलास."

नेस्तोरीनं खरंच विचार केला. "बरोबर बोललीस असं वाटलं. मग त्यावर आणखी काय बोलायचं?"

"आणि नंतर इतकी वर्षं?"

"मला वाटलं, तुलाही काही बोलायचं नसेल."

मी स्टुलावरून पडलो नाही, एवढंच.

सायमानं तोंड बाकात खुपसलं. तिची पाठ हलत होती. रडतेय की हसतेय, कळेना. "हलू नको," नेस्तोरी म्हणाला. तो कंबरेवरून वर आला. अंगठा खांद्याच्या पात्याखाली सरकवला आणि तिथंच ठेवला. दाबला नाही. वाट पाहिली. तिचा एक लांब श्वास सुटला आणि तिचा हात बाकावरून आपोआप खाली ओघळला. मग त्यानं तो मनगटाशी धरून हळूहळू वर नेला. छातीच्या वर, कानाच्या वर.

"पूर्ण नाही झालं," तो म्हणाला. "परत यावं लागेल."

"येईन." ती उठून बसली. तो कॉफी ठेवायला गेला, तसे तिचे डोळे त्याच्या पायांवर गेले. "गुडघा कधीपासून दुखतोय?"

"बरीच वर्षं."

"मग आला का नाहीस?"

"बोलावलं नाहीस."

"शुक्रवारी ये. आणि मानेपासून करणार आहे मी, ऐकून ठेव. बघू तरी, काय असतं ते."

निघताना कॉफीचा कप तिनं स्वतःच वरच्या फळीवर ठेवला. उजव्या हातानं.

गाडी सुरू केली. बाकावरची वर्तमानपत्रं आजच चुलीत जाणार, असं तिनं जाहीर केलं. ऊन अजून नदीवर होतं. पुलावर हिल्या परत येताना दिसली. सायमानं काच खाली केली आणि उजवा हात बाहेर काढून, कोपर सरळ करून, हलवला.

"हळू चालव," ती मला म्हणाली. "तिला नीट दिसू दे."