समाधीबाईंचं मशीन

माझ्या आत्याला कारखान्यात समाधीबाई म्हणतात. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'समाधी'. तिला हे ठाऊक आहे. पाठीला कान नसतात असं समजणाऱ्यांशी वाद काय घालायचा, असं तिचं म्हणणं.

ती पुस्तकांवर पुठ्ठ्याची कव्हरं चढवायचं मशीन चालवते. शिवून, कापून, पाठीला गोलाई देऊन झालेलं, पण अजून उघडंच असलेलं पुस्तक एका उभ्या पात्यावर पाय फाकून बसतं. पातं वर सरकतं, दोन्हीकडचे रूळ पुस्तकाला खळ फासतात, आणि वर थांबलेलं कव्हर त्याच्या अंगावर उतरतं. डोक्यातून सदरा घालणाऱ्या पोरासारखं पुस्तक क्षणभर आंधळं होतं आणि पलीकडून नीटनेटकं होऊन निघतं.

आत्या ते बघते आणि जाते. कुठे, ते तिनं मला एकदा सांगितलं होतं. कपडे घातलेलं प्रत्येक पुस्तक प्रवासाला निघतं. एक जातं तळ्याकाठच्या खोलीत, तिथे खिडकीतून पाण्याचा उजेड छतावर हलत असतो. एक दुकानाच्या काचेमागे अडकतं आणि एका बाजूनं फिकट होत राहतं. आत्या सगळ्यांना पोचवून येते. हात मात्र इकडेच असतात. ते कव्हरांचा गठ्ठा खणात लावतात, चिमटीत खळ घेऊन ती कितपत घट्ट आहे ते बघतात.

याच मशीनचे फिटर म्हणजे आतोबा, आत्याचे यजमान. रोज सकाळी ते रूळ सोडवतात, ती कोमट पाण्यानं धुते आणि कोपऱ्यात वाळलेली खळ बांबूच्या कामटीनं खरवडते. त्यांचा निम्मा संसार त्या मशीनखाली वाकून झालाय.

मग शब्दकोशाचं प्रकरण झालं. आत्यानं एक अख्खा गठ्ठा उलटा लावला. बाहेर नाव सरळ, आत सगळी भाषा शीर्षासनात.

मालक म्हणाले, "बाई, झोपच काढायची तर पॅकिंगला जा. तिथं खोकी उलटी बांधली तरी चालतं."

तूर्त त्यांनी तिला कोऱ्या वह्यांचं काम दिलं. साधं कव्हर, आत पांढरी पानं, वर-खाली असं काही नाहीच. चुकायला जागाच नाही म्हणून मालक स्वतःवरच खूश.

आत्या मात्र घरी येऊन भिंतीकडे बघत बसायला लागली.

"आता काय झालं?" आतोबा म्हणाले. "चुकायची सोय बंद झाली म्हणून सुतक पाळायचं का?"

"अहो, वही कुठे जातच नाही. कुणी लिहिल्याशिवाय तिला गावच नाही. मी दिवसभर नुसती उभी. पाय दुखतात. इतकी वर्षं मला पाय आहेत हेच कळलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. "साहेब, पुस्तकं द्या, नाहीतर पॅकिंगला पाठवा."

"आणि परत डोळा लागला तर?"

"त्या दिवशी डोळा लागला नव्हता. दाढ ठणकत होती. पूर्ण जागी होते, म्हणून तर चुकलं."

मालकांनी आजवर पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या, ही नव्हती. त्यांनी एक जाडजूड कादंबरी तिच्याकडे दिली. आतोबांना मात्र बाजूला घेतलं. लावलेल्या गठ्ठ्यात मध्येच एक कव्हर उलटं सरकवायचं. बाईंनी पकडलं तर मशीन त्यांचं, नाहीतर पॅकिंग. आणि घरात बोलायचं नाही.

आतोबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कव्हर त्यांनी सरकवलं, पण नावांचे ठसे खालच्या बाजूला असल्यानं गठ्ठा वरून सारखाच दिसत होता. ते साखळीला तेल द्यायच्या निमित्तानं तिथेच घुटमळले आणि खोकत राहिले.

"घसा धरलाय का? गरम पाणी प्या," आत्या म्हणाली आणि निघून गेली. म्हणजे तिथेच उभी राहून.

त्या दिवशी जिना होता. लांबलचक, वरच्या काचेतून मऊ उजेड झिरपणारा. कठड्यावर हात ठेवून एकेक पाहुणा चढत होता. कुणाला घाई नाही. दर वळणावर एक दार उघडायचं, आतून कुणीतरी 'या' म्हणायचं, आणि दार हलकेच लागायचं. मग एक पाहुणा हातांवर चालत आला. पाय वर, डोकं खाली, आणि चेहरा असा की जिने असेच चढतात. आत्यानं भिडेखातर त्याला वाट दिली. मग तिचा तळवा लाल बटणावर पडला.

दाबयंत्रात जायच्या आत तिनं ते पुस्तक उचललं आणि ओलं कव्हर अलगद सोडवलं. मालक काचेच्या खोलीतून आले.

"कळलं कसं?"

"उलटा चालत होता."

मालकांनी आतोबांकडे पाहिलं, आतोबांनी तेलाच्या डब्याकडे. आत्यानं दोघांकडे.

"गठ्ठा मी नीट लावला होता. तुम्ही केलंत?"

"साहेब म्हणाले, म्हणून..."

"बरं. खळ वाळतेय, रूळ पुसून घ्या. आणि संध्याकाळी स्वयंपाक तुमचा."

मालकांनी घसा साफ केला. उरलेली कादंबरी आणि तिच्यामागची दोन्ही कामं बाईंच्याच मशीनवर लावा, असं सुपरवायझरला सांगून ते आत गेले.

आत्यानं हिरवं बटण दाबलं. जिन्यात खोळंबलेली मंडळी पुन्हा चढायला लागली.

"अगं, पण भाजी कुठली करायची?" आतोबांनी विचारलं. उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं.