चोवीस तासांचा पट्टा

क्रेनवाले काका आमच्या दवाखान्यात आले ते फिटनेसच्या कागदासाठी. तो मिळाला नाही तर कंपनी त्यांना वर चढू देणार नव्हती, आणि खालचं कुठलंच काम त्यांना येत नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लांब. बीपी दर खेपेला वेगळंच निघायचं. शेवटी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून मी त्यांच्या दंडाला बीपी मोजणारा चोवीस तासांचा पट्टा बांधला.

"दर अर्ध्या तासाने फुगेल. फुगला की हलायचं नाही, बोलायचं नाही."

"बोलायचं नाही ना? ते जमतं, ताई."

त्या त्या वेळी काय करत होता, हे लिहायला एक तक्ताही दिला. दुसऱ्या दिवशी तो वाचून मला रागच आला. 'केबिनमध्ये. केबिनमध्ये. घरी. घरी.' चोवीस तासांत एकाही माणसाचा उल्लेख नाही.

डॉक्टरबाईंनी आकडे पाहिले. "झोपेत बीपी उतरायला हवं. तुमचं रात्रभर वरच आहे. बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी घेता ना?"

"घेतो की. रविवारी."

मी कपाळावर हात मारला. क्रेनची शिडी चढायलाच वीस मिनिटं, वर संडास नाही. गोळी घेतली की सारखं उतरावं लागणार. म्हणून कामाच्या दिवशी गोळी बंद. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं असणार या शहाण्याला!

"अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी बाहेरच पडत नाही, मग रात्री प्रेशर उतरेल कसं?" डॉक्टरबाईंनी वेळच बदलली. दुपारी तीनला काम संपवून खाली आलं की गोळी. रोज, न चुकता.

महिन्याने पुन्हा पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी तो दंडावर असतानाच यंत्रातले आकडे काढले. रात्रीचे झकास उतरले होते. डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

काका मात्र खुर्चीवरून हलेनात. मी पट्ट्याला हात लावला तर त्यांनी दंड आखडून घेतला.

"अजून एक दिवस राहू दे ना, ताई."

"आता कशाला? कागद मिळाला की!"

"कागदासाठी नाही." ते भिंतीकडे बघत होते. "दर अर्ध्या तासाने कोणीतरी दंड धरतंय असं वाटतं."

बाहेर पुढचा पेशंट याच पट्ट्यासाठी थांबला होता.

मी काकांच्या दंडावरचा पट्टा सोडला.