शवपेटीतली मधाची पोळी

वर्गणी काढून घेतलेली वस्तू गावात नुसती पडून असेल, तर ती अडीनडीला वापरणारा माणूस गुन्हेगार कसा, हे मला कुणी सांगेल का? विचारायचं कारण असं, की मागच्या हिवाळ्यात आमचे आबा वारले. ही बातमी अर्ध्या तालुक्याला कळली. फक्त आबांना कळली नाही, कारण ते त्या वेळी गच्चीवर उन्हात बसून वर्तमानपत्र वाचत होते.

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांची उभी हयात जालन्यातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. दिवसा लग्नपत्रिका आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं. जास्तीची पत्रकं घरी यायची आणि मी त्यांच्यावरच अक्षरं शिकले. बाकीची मुलं 'घर' आणि 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर धिक्कार' वाचत होते. (पहिलीत बाईंनी नाव विचारलं, तर मी आधी मागण्या सांगितल्या, असं आई सांगते. मला आठवत नाही, पण शक्य आहे.)

मोठी झाल्यावर मी तेच केलं, फक्त मोबाइलवर. आमचं गाव वाटूर फाट्यापासून आत. गावात कुणी वारलं आणि लेकीबाळी लांबून यायच्या असल्या, तर शवपेटी बाहेरून मागवावी लागे. कुणाला ती लगेच मिळे, कुणाला 'बघू' असं उत्तर मिळे. हे 'बघू' कोणत्या आळीला मिळे, ते सांगायला नको. मी पत्रक काढलं : 'पेटीला जात विचारू नका, पत्ता सांगा.' वर्गणी जमली, आमच्या तरुण मंडळानं विजेवर चालणारी थंड पेटी आणली, आणि ती गावाच्या दोन्ही अंगांच्या घरांत गेली. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. त्याच वर्षी सरपंचांनी गावचा टँकर स्वतःच्या मोसंबीला नेला, तेव्हा 'सार्वजनिक मालमत्ता कुणाच्या बापाची?' हे पत्रकही मीच काढलं होतं.

आता आईकडे वळू, कारण पणाला लागला होता तिचा शब्द.

आई मधमाश्यांच्या पेट्या सांभाळते. आमच्या भागात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात. कांदा फुलला की माश्या लागतात. माश्या नसल्या तर फुलं नुसती डुलतात, बी भरत नाही. दरवर्षी पेट्या बाहेरगावाहून यायच्या. गेल्या वर्षी आईनं पलीकडच्या आळीतल्या भगवानकाकांना शब्द दिला, की तुमच्या प्लॉटला पेट्या मी लावते. काका म्हणाले, "वहिनी, जमंल ना? माझं सालाचं पीक हाय." आई म्हणाली, "जमंल." पारावर मात्र लोक म्हणत होते की बाईमाणसानं ऐन टायमाला हात वर केले तर भगवानराव जाणार कुठं?

पावसाळ्यात फुलोरा कमी, त्यामुळे माश्याही कमी होतात. मग जास्तीची बांधलेली पोळी त्यांच्या लाकडी चौकटींसकट काढून ठेवायची आणि हिवाळाभर जपायची. कांदा फुलायच्या आधी ती परत पेट्यांत दिली, की माश्यांना आयतं घर मिळतं आणि त्या झपाट्यानं वाढतात. ती पोळी हातची गेली, तर बिचाऱ्या पुन्हा मेण गाळून पोळी बांधत बसणार आणि तोवर कांदा फुलून मोकळा होणार.

आणि नेमका तिथेच येतो मेणकिडा. हा एक मळकट रंगाचा पतंग. दिसायला इतका गरीब की त्याला कुणी चहासुद्धा विचारेल. पण पोळ्यात शिरून अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या मेण पोखरून मागे कोळ्यासारखी जाळी सोडतात. (माझ्या मते हा शुद्ध जमीनदार आहे. बांधलं दुसऱ्यानं, खातो हा.) त्या दिवशी आईनं एक चौकट उचलली, तर हातात भुसा आणि जाळी. बाकीची चांगली दिसत होती, पण अंडी कुठे कुठे असतील, कोण सांगणार?

डांबराच्या गोळ्या आईनं नाकारल्या, वास मेणात मुरतो म्हणून. गंधकाची धुरी दिली. त्यानं पतंग मेले, आईचे डोळे लाल झाले, पण अंडी धुरीला दाद देत नाहीत, असं तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. कडक गारठ्यात मात्र अंडीसुद्धा मरतात.

आबा म्हणाले, "आणि पहिल्या शीलाचं काय? जीवहत्या करायची न्हाई."

"मी कुठं मारू राह्यले, मामंजी? थंडी मारंल," आई म्हणाली.

पण एवढी थंडी आणायची कुठून? आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा एक ट्रे मावतो, तोही तिरपा. कुल्फीवाल्यानं चौकटी बघून हात जोडले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आई, मंडळाची शवपेटी हाय की."

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सुजे, त्याच्यात मेलेली माणसं ठेवतेत."

"म्हणून तर मोठी हाय. धुऊन पुसून, औषध मारून ठेवलेली असती. आणि तसंही अधूनमधून चालवून बघावंच लागतंय, न्हाईतर मशीन जाम होतं."

"लोक काय म्हणतेल?"

"कुणाचा फोन आला तर त्याच मिनिटाला पोळी बाहेर. मी लिहून देते."

"लिहू नको," आई जल्दीनं म्हणाली. "लिहिलं की तू वाढवती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळाच्या राहुलनं टेम्पो आणला. आता दोष कुणाचा, ते बघा. राहुलनं शवपेटीशिवाय टेम्पोत दुसरं काही फारसं नेलेलं नाही. त्यामुळे सवयीनं त्यानं गाडी हळू चालवली आणि दिवेही लावले. मी मागे पेटीला धरून बसले होते. खड्ड्यांत पेटीच्या झाकणाची काच फुटेल या भीतीनं माझा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. चौकातल्या हॉटेलासमोरची माणसं उठून उभी राहिली. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. समोरच्यानं हात जोडले तर आपणही जोडावेत, हा संस्कार. मी जोडले.

घरी पेटी दारातून आत जाईना, म्हणून ओसरीवरच लावली. पोळी पॉलिथिनमध्ये गुंडाळून दोन रांगांत रचली. आईनं वरून स्वच्छ पांढरी चादर घातली, कारण तिला कोणतीही गोष्ट उघडी ठेवलेली चालत नाही. थोड्या वेळात काच धुरकटली. राहुल भाडं घेऊन आष्टीला गेला. वीज कमीजास्त होत होती, म्हणून मी स्टॅबिलायझर आणायला वाटूरला गेले.

मी गेल्यावर शेजारच्या कौसाकाकू आल्या. त्यांनी पेटी पाहिली, चादर पाहिली, आईचे लाल डोळे पाहिले आणि एक शब्द न बोलता आईला मिठी मारून रडायला लागल्या. आईला वाटलं, पोळ्यांचं दुःख समजणारं एक तरी माणूस गावात निघालं. तिचाही बांध फुटला.

झालं. बायका जमल्या. आईला आतल्या खोलीत नेऊन बसवलं, डोक्यावर पदर दिला, पाणी पाजलं.

"मला काय झालं न्हाई. मला मशीन बघू द्या," आई म्हणत होती.

"बस माय, बस. आता बघून काय उपयोग?"

"अहो, लाइट गेली तर समदं वाया जाईल!"

यावर बायकांनी तिला आणखी घट्ट धरलं.

इकडे कुणीतरी स्टेटस ठेवलं होतं. आबांचा फोटो, खाली फुलं आणि 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. माणसं येऊ लागली. पांढरे कपडे, हार, मेणबत्त्या, उदबत्तीचे पुडे. दूर बसवलेल्या आईला वास आला आणि ती आतून ओरडली, "उदबत्त्या लांब धरा, आत मेण हाय!" बाहेर एक म्हातारे गृहस्थ हळहळले, "दुःखानं बाई बहकून गेली."

मी परत आले ती या गर्दीत. ओसरी भरलेली, अंगण भरलेलं. सगळे गंभीर आणि सगळ्यात पुढे सरपंच. आबा गेले असतील हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, कारण मीच सकाळी त्यांना गच्चीवर चहा देऊन आले होते. माझ्या डोक्यात एकच आलं : टँकरचा वचपा! शवपेटी घरकामाला वापरली म्हणून गाव जाब विचारायला आलंय, आणि सरपंचांच्या हातातला हार माझ्या गळ्यात चपलांसकट पडणार.

अशा वेळी पत्रकावर वाढलेला माणूस पळत नाही. मी पायरीवर चढले.

"मित्रहो," मी म्हणाले, "मी काही लपवणार नाही. हो, पेटी मी आणली. का आणू नये? नुसतं ठेवून सडू देण्यापेक्षा थंडीत ठेवलेलं काय वाईट?"

सरपंचांनी मान खाली घातली. मला वाटलं, मुद्दा पटतोय.

"यात माझा स्वार्थ नाही. कांदा फुलेपर्यंत टिकवायचंय, एवढंच!"

"कांदा फुलंस्तोवर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"विश्वास नसेल तर उघडून दाखवते!" मी काचेला हात घातला.

तेव्हा भगवानकाका पुढे आले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचेही डोळे भरलेले होते. "नको, पोरी. तुझा बाप येऊ दे. त्याच्याबिगर उघडू नको."

बाबा? बाबा तर जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या पाळीवर. मला काही कळेना. एवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि मागे एक टेम्पो, त्यात मिलमधली माणसं. बाबा धावत आले, कुणाकडे न बघता पेटीवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले. माझे बाबा. ज्यांना मी आयुष्यात कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आणि वरून आवाज आला, "काय रे, आज सुट्टी कशी काय भेटली तुला?"

सगळ्यांनी माना वर केल्या. गच्चीच्या कठड्यावर आबा, हातात वर्तमानपत्र. त्यांना कमी ऐकू येतं. गर्दी त्यांनी केव्हाच पाहिली होती, पण नातीनं सभा बोलावली असेल आणि पहिल्यांदाच माणसं आली असतील, असं समजून ते कौतुकानं बसून राहिले होते.

एका बाईनं किंकाळी फोडली. बाबा आधी गच्चीकडे, मग पेटीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "सुजे," ते अगदी हळू म्हणाले, "मंग ह्याच्यात कोण हाय?"

काच उघडली. चादर काढली. पोळी निघाली.

पुढच्या काही मिनिटांत मला जे ऐकावं लागलं, ते मी इथे लिहीत नाही. सरपंचांनी फक्त एवढंच विचारलं, "ताई, ती सार्वजनिक मालमत्ता कुणाच्या बापाची म्हणलं होतं तुम्ही?" माझा बाप शेजारीच उभा होता, नाक पुसत.

"बंद करा ते मशीन," कुणीतरी म्हणालं. "माणसाच्या जागी किडे-मकोडे ठेवायले." दोघं-तिघं प्लगकडे वळलेही. पोळी अजून धड गारही झाली नव्हती.

आबा खाली उतरून आले होते. कुणीतरी घाबरत घाबरत त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी स्टेटस नीट वाचलं. "अल्पशा आजारानं? कोणत्या ते तरी लिहायचं. बिलकुल काळजी न्हाई कामात." मग त्यांनी गर्दीवर नजर फिरवली. ज्यांच्या लग्नपत्रिका त्यांनी जुळवल्या होत्या ते होते, आणि ज्यांच्या विरोधात पत्रकं जुळवली होती तेही होते. "आलाय तसे बसा," आबा म्हणाले. "माझ्यासाठी आल्ते ना? मंग माझं ऐका. मशीनला हात लावायच्या आधी सूनबाई काय सांगती ते ऐका."

आई बायकांच्या तावडीतून सुटून दारात आली होती. चार माणसांसमोर ती कधी बोललेली नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. पण तिनं ती पोखरलेली चौकट आणली आणि सगळ्यांसमोर धरली. जाळी, भुसा, एक वळवळणारी अळी.

"हे बघा. हे असं एका चौकटीचं झालं. बाकीच्यांचं झालं, तर भगवानदादांच्या प्लॉटला माश्या न्हाईत. मी शब्द देल्ता. मला दुसरी थंडी भेटली न्हाई. कुणाच्या घरी मयत झाली, तर मी स्वतः माझ्या हातानं ह्या बाहेर फेकीन. लाइटचा खर्चा आमचा. आता बंद करायचं त्यानं करा."

पत्रक नाही, घोषणा नाही. मी मनात तिची वाक्यं मोजत होते आणि माझ्या लक्षात आलं की यातलं एकही मला गाळता येणार नाही.

भगवानकाकांनी हातातला हार पेटीच्या कोपऱ्याला अडकवला आणि प्लगपाशी जाऊन उभे राहिले. "कुणी हात लावू नका. वहिनी, चालू द्या." मग सरपंच म्हणाले, "लाइट गेली तर आमचं इन्व्हर्टर न्या." (मी त्यांना टँकर माफ केलेला नाही. पण इन्व्हर्टर आणलं.)

मेणबत्त्या परत देता येईनात, म्हणून आबांनी त्या ठेवून घेतल्या. आलेल्या प्रत्येकाला चहा झाला, आणि आबांनी स्वतः विचारून विचारून दिला. मिलमधल्या एकानं दोनदा त्यांच्या हाताला हात लावून बघितला.

पोळी टिकली. कांदा फुलला, पेट्या लागल्या, आणि प्लॉटच्या बांधावर उभं राहिलं की पंखा लावल्यासारखा आवाज येई. काकांचं बी बराबर भरलं. या हंगामात आणखी दोन शेतकरी आईला विचारून गेले. पारावरचे आता म्हणतात, आम्हाला आधीच माहीत होतं.

म्हणून एक मागणी, म्हणजे विनंती. शेजारच्या रानात मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या तर दिवसा फवारणी करू नका, माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करा. आणि हे तुमच्या बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला तुम्हीच जाऊन सांगा. मी स्वतः घरोघर गेले असते, पण हल्ली मी दारात दिसले की लोक आधी घरातली म्हातारी माणसं मोजून घेतात.